नियमाप्रमाणे सज्ज

ग्वेन रायडनावरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिच्या मनात पालींची वसाहतच होती आणि त्या पाळीपाळीने चुकचुकत. दुकानदार आपणहून म्हणाला की पीच आजच आलेत, की ती कालचे कुठे गेले ते विचारी. नवऱ्याने न सांगता भांडी घासली, की ती अंगणात जाऊन गाडीला कुठे पोचा आलाय का ते बघून येई. कधी कधी आलेला असे, त्यामुळे ही सवय सुटायला काही कारणच उरलं नव्हतं.

अशी बाई पंच झाली यात नवल नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या कोळशाच्या डोंगरांत ती हायस्कूलच्या मुलींच्या हॉकीत इतकी वर्षं शिट्टी वाजवत होती, की तिच्या सुरुवातीच्या सामन्यांतल्या मुली आता आपापल्या मुलींना घेऊन येत आणि मैदानाच्या फाटकाशीच बजावत, "ती बाई दिसतेय ना? कानातलं काढ."

एवढं असून ग्वेनला एक गोष्ट कधीच मिळाली नव्हती: नोव्हेंबरातली राज्याची अंतिम लढत. त्या सामन्याला पंच लागतात दोन, आणि ते ठरतात कोच मंडळींनी दिलेल्या गुणांवरून. बाद फेरीचा सामना संपला की दोन्ही संघांच्या कोच पंचांना गुण देतात, आणि कुणी किती दिले हे पंचांना कळत नाही. ही पद्धत ज्याने काढली त्याची ग्वेनसारख्या माणसाशी कधी गाठ पडलेली नसावी. दरवर्षी तिची संधी थोडक्यात हुकायची, आणि ती कुणामुळे हुकते हे तिला पक्कं माहीत होतं. हेमलॉक गॅप शाळेची कोच, मार्ला हॅकनबर्ग. पुरावा मात्र नव्हता. पण पुरावा मागे ठेवायचा नाही इतकी ती बाई हुशार आहे, हाच ग्वेनच्या मते पुरावा होता.

यंदा तर शेवटचीच संधी होती. डिसेंबरात उजवा गुडघा बदलायचा होता आणि डॉक्टरने सांगून टाकलं होतं की त्यानंतर धावायचं ते फक्त स्वप्नात. जिल्ह्याची उपांत्य लढत हा ज्याचे गुण धरले जातात असा तिचा शेवटचा सामना. आणि तो नेमका हेमलॉक गॅपचा, त्यांच्याच मैदानावर.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या मैदानाला दिवे नाहीत, आणि पश्चिमेचा डोंगर सूर्य जरा लवकरच गिळतो. पालकांच्या टपरीवर कोंबडी आणि मक्याचं सूप उकळत होतं आणि कांद्यावर परतलेल्या पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचा, वास थेट गोलपर्यंत येत होता. ग्वेनची जोडीदार पंच डॉट फेटरॉल्फ सुपाचा कागदी पेला हातात घेऊन उभी होती. डॉट पोस्टातून निवृत्त झालेली. जगात कुठल्याही गोष्टीची घाई करू नये, हे ती तिथेच शिकली होती.

"सूप घे," डॉट म्हणाली. "फुकट दिलं त्यांनी."

"का?"

"का म्हणजे? थंडी आहे."

"मागच्या वेळी नव्हतं दिलं."

"मागच्या वेळी सप्टेंबर होता, ग्वेन."

ग्वेनने सूप घेतलं नाही. यजमान संघाच्या टपरीवरचं सूप म्हणजे काय, हे तिला कळत होतं. आज चमचा, उद्या पेनल्टी कॉर्नर.

नाणेफेकीसाठी सगळे मैदानाच्या मधोमध जमले. दोन कप्तान, दोन कोच, दोन पंच. आणि नाणं उडवण्याआधी तो प्रश्न आला, जो या खेळात प्रत्येक सामन्याआधी विचारावाच लागतो.

"कोच, तुमच्या सगळ्या खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत ना?"

म्हणजे दातांवर रबरी माउथगार्ड, तोही रंगीत; पारदर्शक किंवा पांढरा चालत नाही, लांबून दिसला पाहिजे. नडग्यांवर पॅड. अंगावर दागिना नाही. स्टिक अशी की दोन इंची कड्यातून सुळकन निघेल. कोचने "हो" म्हटलं की विषय संपला. मग नंतर काही खोट निघाली तर कार्ड त्या मुलीला नाही, कोचला. म्हणून प्रत्येक कोच "हो" म्हणते. लग्नात पाद्र्यापुढे म्हणतात तसं ते "हो" असतं. आपण कशाला रुकार दिला ते पुढे हळूहळू कळत जातं.

"हो," मार्ला हॅकनबर्ग म्हणाली. ग्वेनचं वाक्य अजून अर्ध्यातच होतं. मार्लाच्या गळ्यात शिट्टी, डोक्यावर शाळेची टोपी, तोंडात च्युइंगम; या मैदानावर आपलंच राज्य असल्यासारखी ती उभी होती, आणि ते होतंच.

ग्वेनने पुढे काही विचारलं नाही. मार्लाला उगीच डिवचायचं नाही, निदान आज तरी नाही, हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या कोचकडे वळली.

मिंटर्सबर्गची कोच रूथ टाकाच नवी होती. शाळेत गणित शिकवायची. आधीची कोच ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या बदलीमागे निघून गेली, आणि मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली तेव्हा जिने वेळेत मान खाली घातली नाही ती ही. तिने प्रश्न पूर्ण ऐकून घेतला. मग आपल्या मुलींच्या रांगेकडे बघितलं, थोडा वेळ, एकीकडून दुसरीकडे.

"माझ्या माहितीप्रमाणे," ती म्हणाली.

 मार्लाचं च्युइंगम थांबलं.

"म्हणजे हो की नाही?" ग्वेनने विचारलं.

"स्टिक मी स्वतः बघितल्या. पॅड बघितले. तोंडात डोकावले नाही. त्या सगळ्यांनी सांगितलं की आहेत. म्हणजे असतील."

"असतील?"

"असण्याची शक्यता खूपच जास्त आहे," रूथ टाकाच मनापासून म्हणाली.

इतक्या वर्षांत ग्वेनने "हो" ऐकलं होतं, "अर्थात" ऐकलं होतं, एकदा "हे काय विचारणं झालं" असंही ऐकलं होतं. शक्यता कधी ऐकली नव्हती. जो माणूस सरळ "हो" म्हणायचं टाळतो त्याच्याकडे काहीतरी मुरतंय, आणि ते जिथे मुरतंय ती जागा आपल्याला सापडणार, असं तिला आतून वाटलं.

"सगळ्यांना रांगेत उभं करा," ती म्हणाली.

डॉटने डोंगराकडे बघितलं, मग सूर्याकडे. "ग्वेन, उजेड किती राहिलाय ते बघतेस ना?"

"बघतेय. म्हणूनच म्हणतेय, पटपट उभ्या राहा."

मिंटर्सबर्गच्या मुली साइडलाइनला रांगेत उभ्या राहिल्या आणि ग्वेनने खिशातून कडं काढलं. पहिल्या मुलीची स्टिक त्यातून निघाली. दुसरीचीही. तिसरीची जरा अडकली आणि ग्वेनचे डोळे चमकले, पण तो चिखल होता. मुलीने अंगठ्याने खरवडला आणि स्टिक निघाली. मग पॅड, मग केस, मग मनगटं. एकीच्या मनगटावर पांढरी टेप होती.

"हिच्याखाली काय आहे?"

"मधुमेहाची पट्टी, मॅडम."

"टेप उचल जरा."

मुलीने उचलली. खाली मधुमेहाची पट्टी होती, तिचं नाव आणि आईचा फोन नंबर असलेली. ग्वेनने ती दोनदा वाचली. "ठीक आहे. पण घट्ट लाव."

"घट्टच होती, मॅडम. तुम्ही टेप उचलायला सांगितलीत म्हणून आता सुटलीये."

मग तोंडं. जांभळा, हिरवा, गुलाबी, पुन्हा जांभळा. दंतवैद्याच्या दवाखान्यात असतो तसा 'आ' रांगेने पुढे सरकत होता. गोलरक्षक टेसा वॉरग हिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, तोंडातून निळा माउथगार्ड काढला आणि पुन्हा आ केला.

"दातांना तारा आहेत, मॅडम. दागिन्यांत धरता का?"

रांगेत हशा पिकला. कोच टाकाच हसली नाही. ती ग्वेनकडे बघत होती, उत्तर ऐकायच्या तयारीत.

"तारा चालतात," ग्वेन म्हणाली.

"बरं झालं. काढायच्या म्हटलं तर बाबांना हार्ट अटॅक येईल. त्यांना तो महिन्याच्या महिन्याला येतोच म्हणा, बिल आलं की."

काहीच सापडलं नाही. याने ग्वेनचा संशय कमी व्हायला हवा होता. पण काहीच सापडलं नाही म्हणजे लपवलंय तरी किती खोल, अशा हिशेबाने तो वाढला. पलीकडे हेमलॉक गॅपच्या मुली चेंडू एकमेकींकडे टोलवत अंग गरम करत होत्या. त्यांच्या तोंडात कुणी डोकावलं नव्हतं. मार्ला हातांची घडी घालून उभी होती.

"आम्हालाही बघायचं का?" तिने ग्वेनला विचारलं. आवाजात मध होता. "आमची काही हरकत नाही. फक्त अंधार पडला तर उद्या यावं लागेल सगळ्यांना."

"तू 'हो' म्हणालीस ना?"

"म्हणाले की."

"मग झालं."

आणि शिट्टी वाजली.

पूर्वार्धभर ग्वेन चेंडूवर नजर ठेवून होती, पण एक डोळा मिंटर्सबर्गच्या बाकावर होता. कोच टाकाच एका मुलीच्या कानात काही बोलली, काय बोलली? एक मुलगी खाली वाकून मोजा वर ओढत होती, कशासाठी? हेमलॉक गॅपने एक गोल केला, मिंटर्सबर्गने तो फेडला, आणि आपल्या बाजूचा गोल मान्य करण्याआधी ग्वेनने इतका वेळ घेतला की टपरीजवळून कुणीतरी ओरडलं, "बाई, पोस्टाने कळवणार का?" डॉटला ते लागलं. पोस्टावरचे विनोद तिला आवडत नसत.

मध्यंतरात दोन्ही संघ आपापल्या बाकांशी गेले. हेमलॉक गॅपच्या बाकापाशी बादलीभर संत्र्याच्या फोडी होत्या, चार भाग केलेल्या, सालीसकट. हे या भागात सगळ्याच शाळांत चालतं. ग्वेन लंगडत पाण्याच्या बाटलीपर्यंत गेली आणि गुडघा चोळत उभी राहिली.

"मार्ला फार गोड बोलतेय," ती म्हणाली.

"ती तुझ्याशी कडू बोलली असती तर?"

"तर निदान कळलं असतं. ती माझे गुण कापणार, डॉट. आधीच कापून ठेवले असतील."

"मग आता कशाला काळजी करतेस," डॉट म्हणाली आणि सुपाच्या दुसऱ्या पेल्याचा तळ बोटाने पुसून बोट चाटलं.

उत्तरार्धात सावली मैदानाच्या अर्ध्यावर आली. एक-एक अशी बरोबरी होती आणि सामना संपत आला होता, तेव्हा हेमलॉक गॅपने मिंटर्सबर्गच्या वर्तुळात धडक मारली. कुणीतरी फटका मारला, टेसा आडवी पडली, चेंडू तिच्या पायावरून उडाला आणि गोलरेषेवर उभ्या असलेल्या मिंटर्सबर्गच्या एका मुलीने तो बुटाने अडवला. तिने तसं मुद्दाम केलं नव्हतं, पण बुटाला मुद्दाम-बिद्दाम कळत नाही. ग्वेनने शिट्टी मारून गोलसमोरच्या ठिपक्याकडे हात केला. पेनल्टी स्ट्रोक.

स्टँडमधून आरोळी उठली. स्ट्रोक घ्यायला ब्रिन योकम आली. ही हेमलॉक गॅपची सगळ्यात चांगली खेळाडू; उंच, शांत, आणि आतापर्यंत एकही स्ट्रोक न चुकवलेली. बाकी सगळ्या लांब उभ्या राहिल्या. आता ठिपक्यापाशी ब्रिन, गोलात टेसा, आणि त्यांच्यामध्ये ग्वेन. नियम असा, की पंच आधी गोलरक्षकाला विचारतो, मग मारणारीला, आणि दोघींनी 'तयार' म्हटल्यावरच शिट्टी वाजते.

"गोलरक्षक, तयार?"

"तआर," टेसा म्हणाली. माउथगार्ड तोंडात असला की माणूस असंच बोलतो.

"स्ट्रोक, तयार?"

"तयार," ब्रिन म्हणाली. स्वच्छ, स्पष्ट, वक्तृत्व स्पर्धेत बोलावं तशी. आणि तिच्या ओठांमधून एक बी घरंगळली आणि पांढऱ्या ठिपक्यावर चेंडूच्या शेजारी जाऊन पडली.

ग्वेनने बीकडे बघितलं. मग ब्रिनकडे. ब्रिनने ओठ घट्ट मिटले. हनुवटीवरून रसाचा एक ओघळ उतरला.

"तोंड उघड," ग्वेन हळूच म्हणाली.

ब्रिनने उघडलं. वरच्या दातांवर संत्र्याची साल बसवलेली होती, फोडीच्या आकाराची, गर बहुतेक खाऊन झालेली. लांबून बघणाऱ्याला नारिंगी माउथगार्डच वाटला असता. इतका वेळ ग्वेनलाही तो तसाच वाटला होता.

"माझा खरा मध्यंतरात पडला," ब्रिन पुटपुटली. "त्या निळ्या फायबरच्या शौचालयात. आत. दुसरा नव्हता कुणाकडे. मला काढताही... म्हणजे काढला तरी, मॅडम, घातला असता का कुणी?"

ग्वेनने डॉटला हाताने बोलावलं. डॉट मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आली. धावत नाही, चालत. स्टँडमधले लोक घड्याळं बघायला लागले.

"काय झालं?"

"तिच्या तोंडात संत्र्याची साल आहे."

डॉटने थोडा विचार केला. "नारिंगी ना?"

"डॉट."

"नियम म्हणतो रंग दिसला पाहिजे. पांढरा नको, पारदर्शक नको. मी फक्त नियम सांगतेय."

"चेंडू लागला तर पोरीचे दात घशात जातील."

"ते खरं. मग शंका कसली आहे तुला? कार्ड काढ."

ग्वेनची शंका वेगळीच होती आणि ती आता पुरती फुलून आली होती. तिने आवाज खाली आणला. "हा सापळा आहे. मार्लाने मुद्दाम केलंय. मी कार्ड दिलं तर ती माझे गुण कापणार. नाही दिलं तर उद्या समितीला सांगणार, हिला समोरचं फळ दिसत नाही म्हणून. दोन्हीकडून मीच."

"म्हणजे तुला गोत्यात आणायला मार्लाने आपल्याच पोरीचा माउथगार्ड शौचालयात टाकला. आणि मग तू स्ट्रोक देशील, आणि ब्रिनच मारेल, आणि बी नेमकी ठिपक्यावर पडेल, हे सगळं तिने मध्यंतरातच ठरवलं."

"ती हुशार आहे."

"एवढी हुशार असती तर बिनबियांची संत्री आणली असती," डॉट म्हणाली. "हे बघ, मी तिकडे होते. मला काही दिसलेलं नाही. तुझ्या पुढ्यात झालंय, तू ठरव. फक्त लवकर ठरव, मला आता गोल दिसेनासा झालाय."

खरी गोष्ट अशी, की डॉट सोडून कुणालाच काही कळलेलं नव्हतं. बी बुटाने बाजूला सारता आली असती. ब्रिनच्या कानात एक शब्द सांगून तिला साल गिळायला लावता आलं असतं. स्ट्रोक झाला असता, हेमलॉक गॅप जिंकलं असतं, मार्ला खूश झाली असती, आणि नोव्हेंबरात त्या हिरव्यागार मैदानावर, दिव्यांखाली, नाणं उडवायला ग्वेन रायडनावर उभी राहिली असती. तिला ते नाणं दिसतसुद्धा होतं. मग तिने पुन्हा ब्रिनकडे बघितलं. पोरीचे पुढचे दोन दात जरा मोठे होते, सशासारखे, आणि त्यांच्यामध्ये फट होती.

ग्वेन हेमलॉक गॅपच्या बाकाकडे चालत गेली आणि मार्लाच्या समोर पिवळं कार्ड धरलं.

मार्लाने कार्डाकडे बघितलं, पण टोपी हलली नाही. "कशाबद्दल?"

"तुझ्या खेळाडूच्या तोंडात साल आहे. तू सज्ज म्हणाली होतीस."

"मी 'हो' म्हटलं तेव्हा ते संत्रं संत्र्यातच होतं, ग्वेन."

"आणि मध्यंतरात?"

"मध्यंतरात मी संत्री वाटत होते."

"कुणाला कशासाठी?"

 मार्लाचं च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. स्टँडमधल्या पालकांना आता कळलं होतं की काहीतरी आपल्या विरुद्ध होतंय, आणि काय ते कळण्याची वाट न बघता ते ओरडायला लागले होते. माउथगार्डशिवाय खेळता येत नसल्याने ब्रिन बाहेर गेली, आणि बाकावर बसून, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, तिने ती साल चावून खाऊन टाकली.

स्ट्रोक दुसऱ्या मुलीने घेतला. तिने तो चांगला मारला, पण टेसाने हेल्मेटच्या आतून तो येताना बघितला आणि उजव्या पायाने असा उडवला की चेंडू पार बाहेर गेला. मग मिंटर्सबर्गला हिट मिळाला. हेमलॉक गॅपच्या सगळ्या मुली पुढे आल्या होत्या, स्ट्रोक बघायला, नाचायला. मागे कुणीच नव्हतं. चेंडू मोकळ्या मैदानातून पळत गेला आणि त्याच्यामागून मनगटावर पट्टी असलेली ती मुलगी. डॉट इतक्या वर्षांत प्रथमच धावली, कारण गोल तिच्या बाजूला होणार होता. झाला.

सामना संपल्यावर पंचांनी रेंगाळायचं नसतं, तडक गाडीकडे जायचं असतं. ग्वेन तडक जात नव्हती; गुडघा तडक जाऊ देत नव्हता. ती गाडीचं दार धरून उभी होती तेव्हा मागून कुणीतरी आलं.

रूथ टाकाच. हातात मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांची जाळी.

"मॅडम, मिनिटभर आहे का?"

ही काय मागायला आलीये, असं ग्वेनच्या मनात आलं. जिंकलेली कोच पंचाकडे येते ती आभार मानायला, आणि आभार मानणारा माणूस पुढच्या वेळचा हप्ता भरत असतो.

"बोला."

"आज रात्री मला तुम्हाला गुण द्यायचे आहेत. त्यात एक प्रश्न असतो, पंचांनी दोन्ही संघांना एकच माप लावलं का. मला तिथे 'नाही' म्हणावं लागेल. ते तुम्हाला आधी सांगावं, असं वाटलं."

ग्वेनला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तुम्ही जिंकलात."

"हो. त्याचा इथे काय संबंध?"

"मी त्यांच्या कोचला कार्ड दिलं. ऐन स्ट्रोकच्या वेळी."

"ते अगदी बरोबर होतं. तेही सांगणार आहे. पण माझ्या सगळ्या मुलींची तोंडं तुम्ही उघडून बघितलीत आणि त्यांच्यातल्या एकीचंही बघितलं नाहीत. का, ते मला कळलं नाही. मी रस्ताभर विचार केला."

"कुठला रस्ता? तुम्ही आत्ता मैदानातून आलात."

"मैदान ते पार्किंग."

ग्वेनने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. यात कुठेतरी दुसरं काहीतरी असणार. तिला हवंय काय? पुढच्या फेरीत सवलत? माफी? पण समोर एक गणिताची बाई उभी होती, जिच्या हातातल्या बाटल्यांतून पाणी गळून बुटावर पडत होतं आणि ते तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

"तिने 'हो' म्हटलं," ग्वेन म्हणाली. "तुम्ही म्हटलं नाहीत."

"मला माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं नाही. तिला तरी कुठे माहीत होतं?"

ग्वेनने गाडीचं दार उघडलं, आणि पुन्हा लावलं.

"या गुणांवर काही अवलंबून असतं का?" रूथ टाकाचने विचारलं. "मी नवीन आहे. मला कुणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे फार काही असेल तर..." तिने वाक्य सोडून दिलं. ते पुढे कसं न्यायचं हे तिला खरंच माहीत नव्हतं.

इथे एका शब्दाचं काम होतं. थोडं थांबून, आवाज जरा खाली आणून, गुडघ्याकडे बघून. ही बाई खोटं लिहिणार नाही, पण ते एक उत्तर कोरं सोडेल, इतपत मऊ ती होती. ग्वेनला ते दिसत होतं. आणि ही बाई आपल्याला आजमावत तर नसेल ना, असा एक विचारही तिच्या मनात येऊन गेला, केवळ सवयीने.

"असतं," ग्वेन म्हणाली. "पण ते माझं मला बघू द्या. तुम्हाला जे दिसलं ते लिहा."

"बरं," रूथ टाकाच म्हणाली. निघताना तिने मागे वळून सांगितलं, "गुडघ्याला बर्फ लावा. उत्तरार्धात तुम्ही डाव्या पायावरच होतात."

पुढच्या आठवड्यात पंचांच्या नेमणुका करणाऱ्या मर्विन क्लिंगरचा फोन आला. मर्विन वाईट बातमी आधी हवामान सांगून देतो. त्याने डोंगरावर बर्फाचा अंदाज सांगितला तेव्हाच ग्वेनला कळलं.

"थोडक्यात हुकलं, ग्वेन. अगदी थोडक्यात. एक 'नाही' आलं तुझ्या नावावर. दोन्ही संघांना एकच माप, त्याच्यापुढे."

"माहीत आहे. कुणाचं ते माहीत आहे."

"माझ्या तोंडून काही गेलेलं नाही हं."

"तिनेच सांगितलं मला. तोंडावर."

"खरं की काय?" मर्विनने विचारलं. मग, वाईट बातमी दिल्यावर माणसाला काहीतरी गोड द्यावंसं वाटतं तसं, तो म्हणाला, "हे मी सांगायला नको, पण तू आता निवृत्तच होतेयस. हॅकनबर्गने तुला पूर्ण गुण दिलेत."

"कुणी?"

"मार्लाने. सगळ्या रकान्यांत पूर्ण. ती तर तुला दरवर्षीच देते."

"यंदाही?"

"यंदाही. कार्ड मिळून, सामना हरून. आता बोल."

 ग्वेनने फोन खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली. दरवर्षीचे पूर्ण गुण तिला समजत होते. दरवर्षी मार्ला "हो" म्हणायची आणि ती मान डोलवायची. असा पंच कुणाला नको असतो. ते समजणं फारसं सुखाचं नव्हतं, पण समजलं. यंदाचे मात्र समजत नव्हते. ही बाई आता काय साधतेय? पुढच्या वर्षी सवलत हवी म्हणून? पण पुढच्या वर्षी ग्वेन नाही. लोकांत मोठेपणा मिरवायला? पण गुण कुणाला कळतच नाहीत. चुकून? मार्ला चुकत नाही.

नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. "कोण होतं?"

"मर्विन. जरा थांब, विचार करतेय."

ती बराच वेळ बसून होती. बर्फ वितळला, पिशवीत पाणी झालं. मार्लाला ते कार्ड बरोबर वाटलं असेल, ही एक शक्यता सोडून बाकी सगळ्या तिने एकेक करून तपासून बघितल्या.